पुट अप झालीय

मला इंग्रजी येत नाही, असं परवा एका खिडकीपलीकडून मला कळवण्यात आलं. गेली 22 वर्षं दहावीच्या इंग्रजीच्या शिकवण्यांवर माझं घर चालतं, त्यामुळे जरा लागलंच.

झालं एवढंच की घरपट्टीच्या बिलावर अजून बाबांचं नाव येतं. बाबांना जाऊन चौदा महिने झाले. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, बहिणीचं ना-हरकत, सगळं जोडून अर्ज दिला, आवक क्रमांक एका चिठोऱ्यावर लिहून घेतला आणि परवा पाचव्यांदा चौकशीला गेले. खिडकीतल्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "पुट अप झालीय, मॅडम."

"कुठे?"

"पुट अप."

"अहो, पण कोणाकडे? कधी?"

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. मला बघून त्याला बहुतेक कीव आली. "थांबा, मराठीत सांगतो," तो म्हणाला आणि एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं मोठ्याने म्हणाला, "तुमची फाईल... पुट अप... केलेली आहे."

रांगेत मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

आता माझ्या वहीत 'पुट अप'ला दीड पान दिलेलं आहे. तंबू पुट अप करतात म्हणजे ठोकतात, छत्री पुट अप करतात म्हणजे उघडतात, भाडं पुट अप करतात म्हणजे वाढवतात. निवडणुकीत उमेदवार उभा करणं, घर विकायला काढणं, धंद्यात पैसे घालणं, हेही पुट अपच. कोणाला फूस लावायची असेल तर त्याला 'टू' जोडायचा. मधे आडवी रेघ मारून पुढे 'जॉब' लावला की अर्थ होतो आधीच ठरवून केलेला बनाव. पाहुण्याची रात्रीची सोय करणं हे तर माझं लाडकं उदाहरण. इंग्रज त्याला 'अप' ठेवतो, आपल्याकडे तो 'उतरतो'. मुलं दर वर्षी इथे हसतात. खिडकीसमोर मी हे सगळं मनातल्या मनात म्हटलं आणि प्रत्यक्षात "बरं" म्हणून बाकावर जाऊन बसले.

बाकावर एक काका होते. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, डोक्यावर बरोब्बर पंखा.

"तुमचंही नाव लावायचंय का?" मी विचारलं.

"छे. माझं इथे काही काम नाही. या बाकावरचा पंखा चांगला आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकतीस वर्षं महसुलात होतो. अव्वल कारकून. ताई, तुम्ही चूक केलीत."

"काय?"

"पुट अपला कुठे विचारलंत. पुट अपला कुठे नसतं."

मग त्यांनी माझा तास घेतला. फाईलवर लिहायची पद्धत 'सविनय सादर' अशी. राजभाषेचा कायदा 1964 चा, तेव्हा कागदावर मराठीच. पण तोंडाने कोणी सादर म्हणत नाही. "सादर म्हटलं की समोरचा विचारतो, कोणाला सादर? आली का पंचाईत! पुट अप म्हटलं की माणूस समाधानाने घरी जातो. कामही झाल्यासारखं वाटतं आणि फाईलही जागेवर राहते. तीस वर्षांत मला कोणी कुठे विचारलं नाही. तुम्ही पहिल्या."

मला उगाच सत्कार झाल्यासारखं वाटलं.

"आणि समजा वर गेली," काका रंगात आले, "तर साहेब शेरा मारणार. पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स. म्हणजे फाईल परत खाली."

इथे मात्र माझ्यातली बाई जागी झाली. म्हटलं, काका, पुट अप आणि विथ शेजारी आले की अर्थ बदलतो. पुट अप विथ म्हणजे सहन करणं, सोसणं, चालवून घेणं, निभावून नेणं. त्या शेऱ्याचा अर्थ 'मागचे कागद सोसा' असाही होतो.

काकांनी पिशवी बाकावर ठेवली. बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. "एकतीस वर्षं," ते हळूच म्हणाले, "मी त्यांना कागद जोडून देत होतो."

मी कायद्याचाही विषय काढला. एका टेबलावर कामाचे सात दिवस, त्यापेक्षा जास्त फाईल ठेवायची नाही, असं 2005 च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्यात आहे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. काकांनी मान डोलावली. "आहे ना. सातव्या दिवशी शेजारच्या टेबलावर जायचं, चहा पिऊन यायचं. परत पहिला दिवस."

खरं तर मराठीने तरी इंग्रजीला नावं ठेवू नयेत. आपलं 'लावणे' काय कमी आहे? दिवा लावला की उजेड होतो, दार लावलं की बंद होतं. कुकर, गजर, कुंकू, पैज, नाट, सगळं आपण लावतो. मलाही नावच लावायचंय. पण वाट लावली म्हणजे निदान कोणाची लावली ते तरी कळतं हो!

"बिलं भरताय ना?" काकांनी विचारलं.

"भरते की. थकलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती."

"कोणाच्या नावाने पावती?"

"बाबांच्या."

"म्हणजे पैसे घ्यायला ते चालतात."

यावर मला हसू आलं नाही. बाबा बिल आलं की त्याच आठवड्यात भरायचे, पावत्या तारेला ओवून ठेवायचे. ती तार अजून स्वयंपाकघरात खिळ्याला आहे आणि गेल्यानंतरच्याही दोन पावत्या मी तिच्यातच ओवल्यात. वरून बघितलं तर बाबा गेलेत असं वाटणारच नाही. खिडकीतल्या मुलाला हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. शिवाय खिडकी एव्हाना बंद झाली होती. जेवणाची सुट्टी.

मी उठले, तेव्हा काकांनी थांबवलं. "आता पुट अप कुठे, असं नका विचारू. कुठल्या गठ्ठ्यात आहे ते विचारा. सहा गठ्ठे पद्धत असते. पहिल्यात असेल तर काम चालू आहे. दुसऱ्यात असेल तर कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतायत. तरी येत राहा."

"आणि सहाव्यात असेल तर?"

"सहावा नष्ट करायच्या कागदांचा." काकांनी पंख्याखाली नीट बूड टेकलं. "झेरॉक्स ठेवली असेलच ना तुम्ही?"

मी पर्स उघडून चिठोऱ्यावरचा आवक क्रमांक पुन्हा एकदा वाचला. अर्ज दिला त्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे लाईट नव्हते.