बुशिंगचा आकडा उसना मिळत नाही

रायफलची काडतुसे स्वतः पुन्हा भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि नवशिक्यांना तो जवळजवळ नियम म्हणूनच सांगितला जातो. त्याचा आशय असा: पूर्ण केस (काडतुसाचे पितळी कवच) डायमध्ये (ती आवळून मापावर आणणाऱ्या साच्यात) दाबू नका, फक्त नेक (गोळी धरणारा केसचा वरचा गळा) साइझ करा, तेवढीच आवळून मापावर आणा, म्हणजे पितळ जास्त टिकते आणि नेमही सुधारतो, बुशिंगची (नेक आवळणारी, बदलता येणारी कडी बसवलेली) डाय घ्या, म्हणजे एक्सपांडर बॉलची (आवळलेली नेक आतून रुंद करणाऱ्या गोळ्याची) गरज संपते, बुशिंग निवडताना भरलेल्या काडतुसाच्या नेकच्या व्यासातून दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन सहस्रांश, वजा करा, आणि शंका असेल तर आणखी एक थाऊ लहान घ्या, कारण पकड जितकी घट्ट तितकी अचूकता जास्त. यातले सगळेच खोटे नाही, पण प्रत्येक विधान अर्धे आहे, आणि ज्या कामात एका थाऊचा फरक हाताला जाणवतो तिथे अर्ध्या विधानावर विसंबून डाय विकत घेणे योग्य नाही.

फक्त नेक साइझ केल्याने केस जास्त टिकते, या समजाला एक खरे कारण होते. पूर्ण केस साइझ करणारी डाय शेलहोल्डरला (प्रेसमध्ये केसचा तळ धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली फिरवली, तर ती केसचा खांदा (नेकखालचा उतार) गरजेपेक्षा बराच मागे ढकलू शकते. मग काडतूस झाडताना केस पुढे ताणली जाते, तळाजवळची भिंत पातळ होत जाते आणि काही फेऱ्यांनंतर केस तिथेच तुटते. मात्र हा दोष पूर्ण साइझिंगचा नसून डाय चुकीची बसवल्याचा आहे. झाडलेल्या केसवर खांद्याचे माप घेऊन तो एक ते दोन थाऊ एवढाच मागे जाईल अशी डाय लावली, तर ताण जवळजवळ नाहीसा होतो. उलट केवळ नेक साइझ केलेली केस दर फेरीला चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसते त्या पोकळीच्या) मापाला अधिकाधिक चिकटत जाते, आणि कधीतरी बोल्ट बंद करताना जोर लावावा लागतो. त्या वेळी पूर्ण साइझिंग करावेच लागते, आणि तोवर काही काडतुसे सहज तर काही अडखळत चेंबरमध्ये जात असतात. स्वयंचलित भरणीच्या रायफलमध्ये तर हा मार्ग धरूच नये.

या समजातली मोठी चूक मात्र वेगळीच आहे. हेडस्पेस (चेंबरमध्ये केसला लांबीत मिळणारी मोकळीक) नीट सांभाळलेली केस बहुधा नेकला तडा जाऊन निकामी होते, आणि केवळ नेक साइझ केल्याने नेकचे कष्ट तसूभरही कमी होत नाहीत. झाडताना ती चेंबरच्या भिंतीपर्यंत फुगते आणि डायमध्ये पुन्हा आवळली जाते, मग उरलेली केस डायमध्ये जावो वा न जावो. नेक वाचवायची असेल तर तिची ही ये-जा कमी करावी लागते, आणि बुशिंगचा खरा उपयोग तिथेच आहे. साधी डाय पातळ भिंतीच्या पितळालाही पुरावी म्हणून नेक गरजेपेक्षा जास्त आवळते आणि मग एक्सपांडर बॉलने तिला परत रुंद करते. योग्य बुशिंग तिला हवे तेवढेच आवळते. बुशिंग घेणारी पूर्ण साइझिंगची डायही मिळते, त्यामुळे ‘नेक की पूर्ण केस’ आणि ‘बुशिंग की नको’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. प्रचलित सल्ला त्यांची गल्लत करतो.

आता दोन थाऊ वजा करण्याच्या सूत्राकडे येऊ. गोळीचा व्यास ०.३०८ इंच आणि नेकची भिंत ०.०१४ इंच असेल, तर भरलेल्या काडतुसाची नेक ०.३३६ इंच भरते. गोळीवर दोन थाऊंची पकड हवी असेल, म्हणजे नेकचा आतला व्यास गोळीपेक्षा तेवढा लहान हवा असेल, तर साइझ केलेली नेक बाहेरून ०.३३४ झाली पाहिजे. पण पितळ बुशिंगमधून बाहेर आल्यावर साधारण अर्धा ते एक थाऊ परत उमलते, म्हणून बुशिंग ०.३३३ च्या आसपासचे लागते. सूत्राने ०.३३४ चे बुशिंग घेतले, तर हाती जेमतेम एक ते दीड थाऊची पकड येते. काहींना तेवढी पुरते, मॅगझीनमधून काडतुसे भरणाऱ्याला ती कमी पडू शकते.

हेच ०.३३३ चे बुशिंग एखाद्या मित्राने दुसऱ्या कंपनीच्या केसेसना लावले, तर काय होईल ते पाहा. त्याची भिंत ०.०१६ इंच असेल, तर नेकचा आतला व्यास ०.३०२ होतो आणि गोळीला सहा थाऊंचा अडथळा पार करून आत शिरावे लागते. भिंत ०.०१३ असेल, तर आतला व्यास बरोबर ०.३०८ येतो आणि गोळी नुसती टेकून राहते, बोटाने ढकलली तरी सरकते. बुशिंग तेच आणि गोळीही तीच, तरी परिणाम दोन टोकांचे. म्हणून दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्याला त्याच्या पितळाच्या भिंतीचे माप कळल्याखेरीज काहीच अर्थ नाही.

सूत्रात चेंबरचाही विचार नाही. चेंबरची नेक ०.३४४ इंचांची असेल, तर झाडलेली केस साधारण ०.३४३ वर येते आणि ०.३३४ पर्यंत यायला तिला नऊ थाऊ आवळावे लागते. एका दमात पाच-सहा थाऊंहून जास्त आवळले, की नेक बुशिंगच्या मापापेक्षाही लहान होऊ शकते आणि तिचा अक्षही ढळतो. अशा रायफलसाठी आधी ०.३३८ आणि मग ०.३३३ अशा दोन टप्प्यांत काम करावे. घट्ट नेकच्या चेंबरला हा खटाटोप लागत नाही, तिथे एकच बुशिंग पुरते.

घट्ट पकड म्हणजे अचूकता, हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते पटकन पटते. पितळ एका मर्यादेपर्यंतच लवचिक असते. त्यापलीकडे नेक लहान केली तर पकड त्या प्रमाणात वाढत नाही. गोळीच नेकला रुंद करते, आणि मऊ गाभ्याची गोळी बसवताना तिच्यावर ओरखडे पडतात. अचूकतेला हवी असते ती प्रत्येक केसमध्ये सारखी पकड, आणि तिचा शत्रू आहे पितळाचे कडक होणे. माझ्याकडे एकाच लॉटच्या केसेस दोन डब्यांत होत्या, काही दोनदा झाडलेल्या, काही सात वेळा. बुशिंग, प्रेस आणि गोळ्या एकच असूनही पहिल्या डब्यातली गोळी एकसारख्या दाबाने आत गेली, तर दुसऱ्या डब्यात हँडल कधी सैल उतरे, कधी मध्येच अडे. अ‍ॅनीलिंग (नेक तापवून पितळ पुन्हा मऊ करणे) केल्यावर दोन्ही डबे हाताला सारखे लागले. त्याआधी मी बुशिंग बदलत बसलो होतो, तो वेळ वाया गेला.

एक्सपांडरची गरज संपते, हे फक्त एकसारख्या जाडीच्या नेकबद्दल खरे आहे. भिंत एका बाजूला १३ आणि दुसऱ्या बाजूला १५ थाऊ असेल, तर बुशिंग बाहेरची बाजू गोल करते आणि सगळी विषमता आत लोटते, म्हणजे नेमकी जिथे गोळी बसते तिथे. अशा केसेसना बुशिंगनंतर वरून मॅन्ड्रेल (ठरावीक व्यासाचा गुळगुळीत दांडा) घालावा. तो आतली बाजू गोल करतो आणि विषमता बाहेर काढतो. एक्सपांडर बॉल हेच काम आतून वर ओढत करतो, आणि त्या ओढण्यात नेक वाकू शकते व खांदाही पुढे येतो. विषमता खरोखर काढायची असेल तर नेक टर्निंग (नेकची भिंत बाहेरून तासून सारख्या जाडीची करणे) हाच उपाय आहे, पण कारखान्याच्या सैल चेंबरसाठी एवढे कष्ट घ्यावेत असे मला वाटत नाही.

बुशिंग मागवण्यापूर्वी स्वतःच्या केसमध्ये स्वतःची गोळी बसवून, प्रायमर आणि पावडर न घालता, पाच नमुने तयार करावेत आणि त्यांची नेक कॅलिपरने नव्हे तर मायक्रोमीटरने मोजावी. हा आकडा चेंबरच्या नेकशीही ताडून पाहावा. भरलेली नेक चेंबरपेक्षा निदान दोन थाऊ लहान नसेल, तर झाडताना तिला उमलून गोळी सोडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. ०.३३९ इंच नेकच्या चेंबरमध्ये ०.०१४ भिंतीची केस तीन थाऊंच्या फटीने बसते, पण ०.०१६ भिंतीची केस भरल्यावर ०.३४० इंचांची होते, आणि कुठलेही बुशिंग हा आकडा खाली आणू शकत नाही, कारण बुशिंग आवळते ती रिकामी नेक आणि गोळी बसली की ती पुन्हा त्याच मापावर येते.