व्हिडिओ उडवा, पण नाव तरी राहू द्या

नेटवर एकदा टाकलं की कायमचं राहतं असं जे सगळे छातीठोक सांगतात ना, त्यांनी एकदा २००७ सालचा एखादा मराठी व्हिडिओ शोधून दाखवावा.

मला सध्या जुन्या दशावताराचं, म्हणजे कोकणातल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या नाटकांचं, वेड लागलंय. चार कॅमेरे लावून केलेलं नवं रेकॉर्डिंग नकोय, ते ढिगाने आहे. मला पाहिजे ते कुणीतरी देवळासमोर मांडी घालून मोबाईलवर नाहीतर हँडीकॅमवर काढलेलं, संकासूर कुठला नि भटजी कुठला हे आवाजावरून ओळखायचं असलं. तेव्हा यूट्यूबवर दहा मिनिटांच्या वर व्हिडिओ चढत नसे, २००६ पासून २०१० पर्यंत तीच लिमिट होती, त्यामुळे रात्रभराचं नाटक लोक तुकडे करकरून टाकायचे, आणि आता बघायला जावं तर भाग ३ आहे, भाग ५ आहे, युद्धाचा भाग नेमका गायब. चिडचिड होते राव.

गायब व्हायला कारणं पण कसली! कुणी दुसऱ्याच व्हिडिओला मागे सिनेमाचं गाणं लावलं, तीन कॉपीराइट स्ट्राइक बसले की अख्खं चॅनल साफ, त्यात बिचारा दशावतारपण गेला. २०२१ च्या जुलैमध्ये यूट्यूबने २०१७ च्या आधीचे सगळे अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसणारे, व्हिडिओ प्रायव्हेट केले, नको असेल तर कळवा म्हणून मेल पाठवले होते, पण दहा वर्षांपूर्वीचा मेल आयडी कोण उघडतंय? आणि गूगल व्हिडिओ, गूगलची ती यूट्यूबसारखी जुनी साइट, आठवतंय का कुणाला? २०११ मध्ये गूगलने सांगून टाकलं की २९ एप्रिलपासून तिथले व्हिडिओ चालणार नाहीत, काय ते डाउनलोड करून घ्या. लोकांनी बोंबाबोंब केली, आर्काइव्ह टीमवाले, म्हणजे बंद पडणाऱ्या साइट्स जपून ठेवणारे हौशी लोक, रात्रंदिवस कॉपी करायला बसले, तेव्हा कुठे आठवड्याभरात माघार घेतली. म्हणजे आरडाओरडा झाला म्हणून वाचलं. आपल्या गावच्या जत्रेसाठी कोण ओरडणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. व्हिडिओ डिलीट करायचा असेल तर करा, ज्याचा त्याचा हक्क आहे, पण प्लेलिस्टमध्ये नुसतं 'डिलीटेड व्हिडिओ' लिहून नाव कशाला पुसता? नाव राहिलं तर माणूस निदान दुसरीकडे शोधेल तरी. काय हरवलंय तेच कळत नाही, मग शोधायचं काय, कपाळ?

शोधणाऱ्यांसाठी सांगतो. जुनी लिंक असेल तर तिच्यातला अकरा अक्षरांचा आयडी गूगलवर टाका, कुठल्यातरी जुन्या ब्लॉगवर नावासकट सापडतो, आणि अख्खी लिंक वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर, टाका, कधीकधी नाव, कमेंट सगळं मिळतं, नशीब असेल तर व्हिडिओपण. लिंकच नसेल तर स्पेलिंग बदलत बसा, तेव्हा देवनागरीत टाईप करणारे थोडेच, त्यामुळे दशावतार इंग्रजीत जितक्या प्रकारे चुकवता येईल तितक्या प्रकारे चुकवून बघा. नाहीतर कॅमेऱ्याने आपोआप दिलेलं फाईलचं नाव, म्हणजे 'एमओव्ही' आणि पुढे आकडे. ह्यातून काय काय निघतं विचारू नका, एकदा कुणाच्या तरी बारशाचाच व्हिडिओ शेवटपर्यंत बघत बसलो.

तर सिंधुदुर्ग, गोवा साइडच्या लोकांनो, २०१० च्या आधीचं दशावताराचं काहीही कुणाच्या सीडीवर, मेमरी कार्डात, बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये पडलं असेल तर इनबॉक्स करा. हललेलं, अंधारातलं, अर्धवट, कसलंही चालेल. नाटक करणाऱ्या कंपनीचं नाव आणि गाव माहीत असेल तर तेवढं लिहा.