मशीन गवळ्याला चोर ठरवते का?

भाऊ, दूध संकलन केंद्रावर भेसळ तपासणाऱ्या इन्फ्रारेड मशीनवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘मशीनले दूध काय समजते? युरिया दाखवून माझ्या काकांचा कॅन परत केला, अन् तुम्ही तिचेच गोडवे गाता,’ असं तुम्ही लिहिलंय. राग रास्त आहे.

युरिया दुधात मुळातच असतो. ढेप, सरकी जास्त खाऊ घातली की वाढतो. म्हणून तर नियमात 700 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 700 भाग) तो चालतो. काकांच्या पावतीवरचा आकडा त्याखाली असेल, तर कॅन परत करायला काही आधारच नव्हता. वर असेल, तरी आधी नमुना प्रयोगशाळेत जायला हवा होता. इन्फ्रारेड मशीन मिनिटभरात शंका दाखवते, निकाल देत नाही. केंद्रावरच्या माणसाने शंकेलाच निकाल मानलं, हे चुकलं.

गवळी सरसकट चोर नाहीत, हे मलाही मान्य आहे. 2018 च्या देशव्यापी तपासणीत 6,432 नमुन्यांपैकी आरोग्याला घातक भेसळ फक्त 12 नमुन्यांत निघाली. पण त्या 12 पैकी 6 नमुन्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि माझी खरी काळजी तीच आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकलेला असताना, बर्फ नसेल तर सकाळचं दूध दुपारपर्यंत टिकत नाही. मग ते नासू नये म्हणून कोणीतरी पेरॉक्साइडसारखं औषध टाकतं. पेरॉक्साइड दुधात हळूहळू विरून जातं, संध्याकाळी शोधलं तर सापडेलच असं नाही. इन्फ्रारेडलाही ते नीट पकडता येत नाही. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, राहून गेलं. त्यासाठी कॅन उघडताक्षणी पेरॉक्साइड तपासायची पट्टीच बुडवावी लागते.

दूध नासू नये म्हणून टाकलं जाणारं दुसरं रसायन म्हणजे फॉर्मालिन. त्याचं तसं नाही, ते दुधात टिकून राहतं. परीक्षानळीत दूध घेऊन, किंचित फेरिक क्लोराइड मिसळलेलं तीव्र सल्फ्युरिक आम्ल काचेच्या कडेने हळूच सोडलं, की दोन थरांच्या मधोमध जांभळं कडं उमटतं. हे कडं एकदा मी कॅनच्या मालकाशेजारी उभं राहून पाहिलंय. तो नळीकडे बघत राहिला, वाद घातला नाही. गवळ्यासमोर, त्याला दिसेल अशी दुसरी चाचणी हवी, ती याचसाठी. काकांना ती मिळाली नाही.

पावती जपून ठेवली असेल तर युरियाचा आकडा आणि त्या आठवड्यात जनावरांना काय घातलं होतं, तेवढं कळवा.