‘खरे पायलट कॉलसाइन वापरतच नाहीत’ म्हणे! त्या पोस्टचा समाचार

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय, ‘अ‍ॅनिमेशनवाले तुम्हाला कसं उल्लू बनवतात’ अशा मथळ्याची. खाली हवाला कुणा ‘निवृत्त फायटर पायलट’चा, ज्याला नाव नाही, स्क्वॉड्रन नाही, देशसुद्धा नाही. एरवी मी असलं काही वाचून पुढे सरकते. पण या वेळी ती माझ्या भाच्यापर्यंत पोचली. पोरगा अ‍ॅनिमेशन शिकतोय, अंतराळातल्या एका लढाऊ तुकडीवर शॉर्ट फिल्म करतोय, स्क्रिप्ट खरंच छान जमली होती, आणि या पोस्टमुळे त्याने सगळ्या पात्रांचे कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर हाक मारायची नावं, उडवून त्यांना नुसते आकडे दिले. ‘मावशी, रिअलिस्टिक नको का?’ आता त्यात सात नंबर चार नंबरला वाचवायला जातो आणि मेलं कोण हेच शेवटपर्यंत कळत नाही.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: खऱ्या हवाई दलात कॉलसाइन नसतातच, फक्त नंबर असतात, आणि हे सगळं खूळ १९८६ च्या टॉम क्रूझच्या ‘टॉप गन’पासूनचं. असलेच तर पायलट स्वतः निवडतो, म्हणून ते भारदस्त असतात, कार्टूनसारखे विनोदी नसतात. ते गुप्त असतात, शत्रूला पायलट कोण ते कळू नये म्हणून. अंतराळात तर त्यांची गरजच नाही, कारण कोण कुठे आहे ते कम्प्युटरला माहीत असतं. आणि खरे पायलट वाक्य ‘ओव्हर अँड आउट’ने संपवतात, अ‍ॅनिमेशनमध्ये तेही नसतं.

म्हणजे कॉलसाइन नसतातच, पण असतात तेव्हा भारदस्त आणि गुप्त असतात. बरं.

आधी ‘नसतातच’चं बघू, कारण यात अर्धं खरं आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. कॉलसाइन नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि पोस्टवाल्याने त्यांची खिचडी केलीय. एक असतो त्या उड्डाणाचा कॉलसाइन, म्हणजे एक शब्द आणि पुढे आकडा. तो त्या दिवसाच्या कामगिरीला मिळतो, बसच्या रूट नंबरसारखा, आज या ड्रायव्हरला तर उद्या दुसऱ्याला. दुसरं असतं सोबत्यांनी पायलटला चिकटवलेलं नाव, ते मात्र जन्माचं. २ जून १९९५ ला बॉस्नियावर अमेरिकन पायलट स्कॉट ओग्रेडीचं एफ-१६ विमान पाडलं गेलं, सहा दिवस तो जंगलात लपून होता. रेडिओवर त्याचा शोध चालला तो ‘बॅशर ५२’ म्हणून. त्याचं स्वतःचं टोपणनाव होतं ‘झुलू’. बॅशर ५२ कामगिरीचं, झुलू माणसाचं. तेव्हा अ‍ॅनिमेशनमध्ये कंट्रोल टॉवरपासून शत्रूपर्यंत सगळे हीरोला त्याच्या लाडक्या टोपणनावाने हाका मारतात ते चुकीचं आहे, मान्य. पण त्यावरून ‘फक्त नंबर असतात’ असं कुठून निघालं? ‘बॅशर’ हा काय आकडा आहे?

आणि १९८६ चं म्हणाल तर ‘सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस’ ही जपानी मालिका १९८२ ची, सिनेमाच्या चार वर्षं आधीची. त्यात स्कल स्क्वॉड्रन आहे, रॉय फोकर हा ‘स्कल लीडर’ आहे, आणि त्यांचं कवटीचं (स्कल) चिन्ह आलंय अमेरिकन नौदलाच्या जॉली रॉजर्स स्क्वॉड्रनच्या एफ-१४ विमानांवरून. रॉय मेल्यावर पुढे त्याचा ज्युनियर पायलट हिकारू स्कल लीडर होतो. नाव माणसाबरोबर गेलं नाही, जागेबरोबर राहिलं. ज्याला पोस्टवाला कार्टून म्हणून हिणवतोय त्या कार्टूनने हा फरक ४० वर्षांपूर्वी बरोबर दाखवलाय, आणि या ‘निवृत्त पायलट’ला तो अजून कळलेला नाही.

पोस्टमध्ये ‘गंडम’ या जपानी मालिकेतला पायलट शार अझनाबल पण ओढलाय, ‘रेड कॉमेट असा कॉलसाइन कोण देईल’ म्हणून. अरे पण तो कॉलसाइन नाहीच! ती ख्याती आहे, लढाईत मिळवलेली, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पायलट रिश्टहोफेनला रेड बॅरन म्हणायचे त्या जातीची.

आता ‘पायलट स्वतः निवडतो’. जवळजवळ कुठेच नाही. अमेरिकन स्क्वॉड्रनमध्ये नवीन माणूस आला की बाकीचे टपलेले असतात, तो पहिली मोठी चूक कधी करतो किंवा त्याच्या आडनावाची खेचता येते का हे बघत. मग सगळे जमून नाव ठेवतात, आणि ज्याचं ठेवतात त्याच्या मताला किंमत शून्य. त्याने स्वतःहून ‘मला थंडर म्हणा’ असं सुचवलं तर हमखास काहीतरी लाजिरवाणं वाट्याला येतं. नासाचा अंतराळवीर व्हिक्टर ग्लोव्हर, नौदलाचा टेस्ट पायलट, २०२० मध्ये स्पेसएक्सच्या क्रू-१ मधून अंतराळ स्थानकावर गेला, त्याचा कॉलसाइन ‘आइक’. ऐकायला भारदस्त वाटतो ना? तो ‘आय नो एव्हरीथिंग’चा शॉर्टफॉर्म आहे, वरिष्ठाने मारलेला टोमणा. (हा कॉलसाइन पोस्टवाल्यालाही शोभला असता.) आपल्या शुभांशु शुक्लांचा ‘शक्स’ तर सरळ नावाचाच तुकडा. तेव्हा एखाद्या पात्राला चमत्कारिक, जरा अपमानास्पद नाव असेल तर ते जास्त खरं. खोटी असतात ती ‘फिनिक्स’ आणि ‘शॅडो’ अशी नावं स्वतःला लावून घेणारी पात्रं.

या प्रकाराला काळी बाजू आहे हेही सांगते, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये येणारच. नाव ठेवण्याच्या नावाखाली वर्ण, लिंग यावरून घाण टोमणे मारल्याच्या तक्रारी झाल्यात, अमेरिकन नौदलाला २०१९ मध्ये त्याची चौकशी करावी लागली. पण पोस्टचा मुद्दा तो नाहीच.

‘गुप्त असतो’ वर फार वेळ घालवत नाही. अमेरिकन नौदलाच्या फायटर विमानाचा फोटो बघा, कॉकपिटच्या काचेखाली पायलटचं नाव आणि मधोमध कॉलसाइन रंगवलेला असतो. फ्लाइंग सूटवरच्या पट्टीवर पण तोच. गुपित असं छातीवर लावून कोण फिरतं? हां, उड्डाणाच्या कॉलसाइनने शत्रूला फसवतात हे मात्र खरं, पण पोस्टवाला म्हणतो त्याच्या अगदी उलट्या पद्धतीने. २ जानेवारी १९६७, व्हिएतनाम, ऑपरेशन बोलो. बॉम्ब वाहणारी एफ-१०५ विमानं ज्या मार्गाने, ज्या उंचीवरून आणि ज्या कॉलसाइननी जायची ते सगळं उचलून त्या दिवशी एफ-४ फँटम गेली. शत्रूला वाटलं जड विमानं येतायत, त्यांची मिग-२१ विमानं चढून आली आणि समोर फायटर. अमेरिकेने सात मिग पाडल्याचा दावा केला. आणि मजा ऐका, त्या तुकड्यांना मोटारींच्या कंपन्यांची नावं होती, फोर्ड, रॅम्बलर अशी, आणि पहिल्या तुकडीचं नाव ‘ओल्ड्स’, ओल्ड्समोबील गाडीवरून. तिचा नेता कोण? कर्नल रॉबिन ओल्ड्स. म्हणजे म्होरक्याचं चक्क आडनाव उघड्या रेडिओवर घुमत होतं! गुप्ततेसाठी कोड वापरणारी पात्रं बघायची तर ‘स्टार वॉर्स रेबेल्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका बघा, तिथे बंडखोर रेडिओवर नाव घेत नाहीत, स्पेक्टर-१ ते स्पेक्टर-६ म्हणतात. त्यांच्यासाठी ते बरोबर आहे, कारण ते फरार आहेत. सैन्य फरार नसतं.

आता ज्या मुद्द्यावर माझं खरं डोकं फिरलं तो, ‘अंतराळात कम्प्युटरला माहीत असतं, मग नावाने हाक कशाला?’ हा नुसता चुकीचा नाही, घातक आहे, आणि भाच्याने स्क्रिप्टची वाट लावली ती याच ओळीवरून.

पहिलं म्हणजे, खऱ्या अंतराळात काय झालं ते बघा ना. नासाने जेमिनी मोहिमांच्या काळात यानांना नावं देणं बंद केलं होतं, अंतराळवीर गस ग्रिसमने १९६५ मध्ये जेमिनी ३ ला ‘मॉली ब्राउन’ म्हटलं ते वरच्यांना आवडलं नाही म्हणून. नंतर सरळ नंबरच, अगदी पोस्टवाल्याच्या मनासारखं. मग मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ आलं आणि पंचाईत झाली, कारण आता एकाच मोहिमेत दोन यानं वेगवेगळी उडणार होती, दोन्हीत माणसं, दोन्ही रेडिओवर. ‘अपोलो ९’ अशी हाक मारली तर उत्तर कुणी द्यायचं? नावं परत आणावी लागली. मुख्य यान ‘गमड्रॉप’, चंद्रावर उतरण्याचं यान ‘स्पायडर’. आणि दोन महिन्यांनी अपोलो १० चंद्राभोवती फिरून आलं तेव्हा यानांची नावं होती ‘चार्ली ब्राउन’ आणि ‘स्नूपी’. कार्टूनमधली! नासा कार्टूनची नावं घेऊन चंद्राजवळ जाऊन आली आणि हे गृहस्थ सांगतात कार्टूनमधली नावं अवास्तव.

रशियनांनी तर सुरुवातीपासून नावं ठेवली. गागारिन १२ एप्रिल १९६१ ला गेला तो ‘केद्र’ म्हणून, म्हणजे देवदाराच्या जातीचं झाड. पहिली महिला अंतराळवीर तेरेश्कोवा ‘चायका’, सीगल. त्यांच्या सोयुझ यानांमध्ये पद्धत अशी की कमांडरचा कॉलसाइन सगळ्या क्रूचा, पुढे नुसता क्रमांक. १९८४ मध्ये राकेश शर्मा ज्या सोयुझ टी-११ मधून गेले तिचा कॉलसाइन ‘युपितेर’, गुरू ग्रह. त्या यानात माणसं तीन, आणि तरीही नाव लागलंच.

दुसरं, आणि हे नीट वाचा. मित्र की शत्रू हे रेडिओ सिग्नलने आपोआप ओळखणारी यंत्रणा, आयएफएफ, दुसऱ्या महायुद्धापासून आहे. म्हणजे ‘कम्प्युटरला माहीत असतं’ हा प्रयोग करून झालेला आहे. १४ एप्रिल १९९४, उत्तर इराक. अमेरिकेची दोन एफ-१५ विमानं उड्डाणबंदीच्या भागात गस्तीवर, कॉलसाइन ‘टायगर’. त्याच भागात अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर, कॉलसाइन ‘ईगल’. दोघांवर नजर ठेवायला वर अवॉक्स विमान, म्हणजे उडता रडार, अख्खी टीम आत बसलेली. एफ-१५ ने आयएफएफने विचारणा केली, उत्तर आलं नाही, कारण हेलिकॉप्टरवर त्या भागासाठीचा कोडच लावलेला नव्हता. आयएफएफच्या दुसऱ्या प्रकारच्या विचारणेलाही नीट उत्तर मिळालं नाही. हेलिकॉप्टर सकाळी त्याच अवॉक्सशी बोलली होती, पण फायटर एका फ्रीक्वेन्सीवर आणि हेलिकॉप्टर दुसऱ्या, त्यामुळे टायगरने ईगलचा आवाज ऐकलाच नाही. वैमानिक जवळून उडत गेले, त्यांना ती रशियन बनावटीची हाइंड हेलिकॉप्टर वाटली. अवॉक्समधून कोणी थांबवलं नाही. दोन क्षेपणास्त्रं, २६ माणसं मेली, सगळी आपल्याच बाजूची.

यंत्राने विचारलं, यंत्राने उत्तर दिलं नाही, आणि ‘इथे ईगल आहे’ एवढं एक वाक्य त्या फ्रीक्वेन्सीवर कोणाच्या तोंडून आलं नाही. इथे कॉलसाइनचं काम काय असतं ते दिसतं. ती शोभा नाही, यंत्र गप्प बसलं की उरलेली शेवटची ओळख आहे. हे एकदाच झालं असंही नाही. २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्याच पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने आधी ब्रिटिशांचं टॉर्नेडो आणि मग अमेरिकन नौदलाचं एफ-१८ पाडलं, दोन्ही दोस्तांची विमानं. आता हेच अंतराळातल्या लढाईत नेऊन बघा, शत्रूने सिग्नल बुजवलेत (जॅमिंग), तुटलेल्या यानांचे तुकडे सगळीकडे उडतायत, सेन्सर अर्धे मेलेले. तिथे माणसं एकमेकांना कमी हाका मारतील की जास्त? भाच्याला मी म्हटलं, तुझ्या गोष्टीत नंबर सातचा कम्प्युटर बंद पडतो तो प्रसंग आठव, तिथे त्याने नावाने हाक मारली असती तर प्रसंग उभा राहिला असता, तू स्वतःच तो मारलास.

आकड्यांचंच म्हणाल तर ‘स्टार वॉर्स’च्याच ‘क्लोन वॉर्स’ मालिकेतले क्लोन, म्हणजे एकाच माणसाच्या नकला असलेले सैनिक, जन्मापासून नंबरवालेच, आणि तरी सीसी-२२३७ या पायलटला सगळे ‘ऑडबॉल’ म्हणतात. नुसता नंबर माणसं फार दिवस चालवून घेत नाहीत, हे त्या मालिकेला कळलंय.

राहिलं ‘ओव्हर अँड आउट’. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, तू बोल. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपलं. दोन्ही एकत्र म्हणजे ‘बोल, पण मी ऐकणार नाही’. हे सिनेमातच म्हणतात, आणि ज्याने आयुष्यात एकदा जरी रेडिओ हातात घेतला असेल तो निवृत्त पायलट असलं लिहिणार नाही. पोस्टच्या हवाल्याबद्दल मला एवढ्यावरून कळलं.

अ‍ॅनिमेशन खरंच चुकतं ते भलतीकडेच, आणि त्यावर पोस्टमध्ये अवाक्षर नाही. रेडिओवर आधी ज्याला बोलवायचं त्याचा कॉलसाइन येतो, मग आपला, मग काम. अ‍ॅनिमेशनमध्ये आठ जण एकाच फ्रीक्वेन्सीवर एकदम ओरडतात, कोण कोणाशी बोलतंय याचा पत्ता नाही, आणि तरी सगळ्यांना सगळं ऐकू येतं. खऱ्या रेडिओवर दोघांनी एकदम बटण दाबलं तर नुसती किंचाळी ऐकू येते आणि दोघांचंही वाक्य वाया जातं. भाच्याने कॉलसाइन परत घातलेत, आता हे दुरुस्त करायला सांगितलंय.