वेळापत्रकातली मुलगी

आमच्या घरी दोन मुली आहेत. एक नववीत आहे, दुसरी भिंतीवर.

भिंतीवरची पहाटे पाचला उठते. पाच ते सव्वापाच आवरते, सव्वापाच ते सव्वासहा गणित करते, सव्वासहा ते सात विज्ञान. शाळेतून आली की अर्धा तास विश्रांती घेते, एकतिसावं मिनिट लागायच्या आत उठते. मग भाषा, मग इतिहास, मग 'आजची उजळणी', आणि साडेनऊला दिवा मालवून गुडूप. तिला सर्दी होत नाही. तिचं खोडरबर हरवत नाही. तिला मैत्रिणी आहेत, पण त्या फक्त साडेपाच ते सहा. तिला मीच जन्माला घातलं, एका रविवारी, चार रंगांच्या पेनांनी, पट्टी लावून. पाच तास लागले. त्या पाच तासांत नववीतली मुलगी शेजारच्या खोलीत लोळत पडली होती, आणि तिला "जरा अभ्यासाला बस" म्हणायला मला सवड नव्हती. मी तिच्या अभ्यासाचं वेळापत्रक करण्यात गुंतलो होतो.

हे व्यसन तसं जुनं आहे. शाळेत असताना मी अभ्यासात बेताचा होतो, पण वेळापत्रकात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. परीक्षा जवळ आली की माझ्या अंगात एक कारागीर संचारायचा. समास आखायचे, विषयांना रंग द्यायचे, गणिताला लाल (धोका म्हणून). वेळापत्रक लागू व्हायचं ते कायम सोमवारपासून. सोमवार चुकला तर मंगळवारी सुरू करणं मला अशिष्ट वाटायचं. मग पुढचा सोमवार. महिन्याची एक तारीख आणि सोमवार एकत्र आले तर सोन्याहून पिवळं, पण तोवर परीक्षा होऊन गेलेली असायची.

याचीच धाकटी बहीण म्हणजे 'पूर्ण वाजू दे'. सातला बसायचं ठरलंय, घड्याळात पाहावं तर सात वाजून चार मिनिटं. आता सात वाजून चार मिनिटांनी कुणी अभ्यासाला बसतं का? मग साडेसात. साडेसातला नेमकं काहीतरी निघतं, की आठ. लेकीनं नाक आईचं घेतलं, केस आईचे घेतले, बुद्धी तर नक्कीच आईची घेतली. 'पूर्ण वाजू दे' तेवढं माझ्याकडून आलंय.

पहिला सोमवार उजाडला. खरं तर उजाडला नव्हताच, पाच वाजले होते. गजर तिचा, जागा मी झालो. तीनदा हाका मारल्या, दिवा लावला, पांघरूण ओढलं. पाच वीसला ती खुर्चीत बसली. डोळे उघडे होते, पण आत कुणी राहत असल्याची खूण दिसत नव्हती. मी कृतकृत्य होऊन बाहेर गेलो. पावणेसहाला डोकावलो तर वहीवर गाल. ती वही मी जपून ठेवली आहे. पहिलं समीकरण सुवाच्य. दुसऱ्यात अक्षर जरा कललेलं. तिसऱ्यात 'क्ष =' इतकंच, आणि त्या बरोबरच्या चिन्हाची खालची रेघ जी निघाली ती थांबलीच नाही. हलके हलके उतरत, दोन ओळी ओलांडून, समासावरून घसरत ती कागदाच्या कडेला पोचली आणि तिथून टेबलावर. झोप लागण्याचा इतका अचूक आलेख मी दुसरा पाहिलेला नाही.

"तिला पाचला उठवणं म्हणजे तुला तीनला उठवण्यासारखं आहे," बायको म्हणाली. मी म्हटलं, असं काही नसतं, पहाटेचं वाचलेलं लक्षात राहतं. तिनं वाद घातला नाही. दुपारी मला वाचायला काहीतरी पाठवलं, बस. आमच्या घरात वाद घालायची ही सर्वांत क्रूर पद्धत आहे.

तर निघालं असं की वयात येताना मुलांचं शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, पार दोन तासांपर्यंत. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं. म्हणजे दहाला "झोप आता" म्हटल्यावर ती जे टक्क डोळ्यांनी छताकडे पाहते ते नाटक नसतं. तेरा ते अठरा वयाला दिवसाकाठी आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ मध्ये सांगून ठेवलंय. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१४ मध्येच म्हटलं होतं की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका. (ही सालं मी समोर कागद ठेवून लिहितोय. का, ते पुढे येईलच.) मी बोटांवर हिशेब केला. साडेनऊ ते पाच, साडेसात तास. म्हणजे माझी भिंतीवरची आदर्श मुलगीसुद्धा रोज अर्धा तास झोपेची देणेकरी होती.

माझी चूक इतकीच, की हे मी लेकीला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते सगळं मोठ्या अक्षरांत छापून वेळापत्रकाशेजारी लागलेलं होतं. 'आठ ते दहा' खाली दोन रेघा. दहावर गोल.

पहाट रद्द झाली. पण मी हार मानणारा नव्हतो. लेकीला भूगोलाचा प्रकल्प होता. "किती वेळ लागेल?" मी विचारलं. "दोन तास," ती ठामपणे म्हणाली. शनिवारी दुपारी बसली, रविवारी रात्री अकराला उठली, आणि तेव्हाही नकाशा माझ्या गळ्यात होता. याही रोगाला नाव आहे, नियोजनभ्रम. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या जोडगोळीनं १९७९ मध्ये ते दिलं. पुढे १९९४ साली कॅनडात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, की कधी संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. बरं, सगळं म्हणजे सगळं बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. माणसाची निराशासुद्धा किती आशावादी असते, बघा.

तेव्हा मी नियम काढला, की लेक जे सांगेल त्याची दीडपट धरायची. पुढच्या प्रकल्पाला ती म्हणाली दोन तास, मी दिले तीन. तिनं तीनही वापरले. मजकूर चाळीस मिनिटांत संपला होता. उरलेला वेळ शीर्षकाला गेला. 'जलप्रदूषण' या शब्दाच्या प्रत्येक अक्षराला जाड कडा, कडेच्या उजव्या बाजूला करडी सावली, 'ज'च्या गाठीतून टपकणारा निळा थेंब, थेंबावर पांढरा चकाकणारा ठिपका. हाताशी जितका वेळ असेल तितकं काम फुगतं, हे पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५५ मध्ये लिहिलं ते सरकारी कचेऱ्यांकडे बघून. त्याच्या घरी नववीतलं कुणी असतं तर कचेरीपर्यंत जायची गरज पडली नसती. कमी वेळ द्यावा तर पुरत नाही आणि जास्त द्यावा तर त्याला सावली फुटते, या कोड्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही.

मग टोमॅटो आला.

फ्रांचेस्को चिरिलो नावाचा इटालियन माणूस. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो कॉलेजात शिकत होता आणि अभ्यासात लक्ष लागेना. त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर उचललं. पुढे त्यातून पद्धत ठरली, पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही तेच. मला ती फार पटली, मुख्यतः तिच्यात एक वस्तू आणायची होती म्हणून. नवी वस्तू आणली की अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. नवी वही, नवं पेन, पहिल्या पानावर सुंदर अक्षर, आणि चौथ्या पानापासून ये रे माझ्या मागल्या.

टोमॅटो आला, पिळला, टिकटिकायला लागला.

"बाबा, असं वाटतंय की हा फुटणार आहे."

तिसऱ्या मिनिटाला खोडरबर सापडेना. सातव्याला तहान. अकराव्या मिनिटाला "किती राहिली?" सोळाव्याला तिला एकदम आठवलं, की मैत्रिणीला एक महत्त्वाचं विचारायचं होतं. पंचविसाव्याला टोमॅटो किणकिणला आणि पाच मिनिटांची सुट्टी सुरू झाली. ती चाळीस मिनिटं चालली, कारण सुट्टी मोजायला टोमॅटो लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

फोन दुसऱ्या खोलीत राहील, असा मी फतवा काढला. त्यावर लेक जे बोलली त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "चालेल. तुझापण."

वर म्हणाली, तूही बस. तुझं काहीतरी काम असेलच की. काम होतं. एक अहवाल तीन आठवडे माझी वाट बघत होता, आणि त्याबद्दल विचारणाऱ्यांना मी "दोन तासांचं काम आहे" असं सांगत आलो होतो. बसलो समोरासमोर. टोमॅटो मध्ये. पहिली पाच मिनिटं मी खरोखर लिहिलं. मग लक्षात आलं, की ती मधूनच मान वर करते आणि कच्च्या वहीत एक छोटी रेघ मारते. गणितातलं काहीतरी असेल, म्हणून मी सोडून दिलं. टोमॅटो वाजल्यावर तिनं वही फिरवून माझ्यापुढे धरली. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, शेजारी पुन्हा चार उभ्या.

"हे काय?"

"तुझा हात खिशात गेला तेव्हाच्या. नऊ वेळा. आणि फोन तर आत आहे."

रिकाम्या खिशात नऊ वेळा. मी म्हटलं, रुमाल शोधत होतो. ती म्हणाली, रुमाल टेबलावर आहे.

आता पुस्तकाबद्दल. तिचं विज्ञानाचं पुस्तक मी एकदा उघडलं तर डोळे दिपले. पानंच्या पानं पिवळी. हायलायटर महत्त्वाच्या ओळींवरून निघाला असणार, पण वाटेत त्याला बिनमहत्त्वाची ओळ भेटलीच नसावी. एका पानावर एकच ओळ पांढरी राहून गेली होती आणि ती इतकी उठून दिसत होती, की तिला तेवढीच पाठ होती. २०१३ साली काही मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून पाहिल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं, म्हणजे आमच्या घराण्याच्या दोन्ही पद्धती, तळाच्या गटात गेल्या. वरच्या गटात आलं ते स्वतःच स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी थोडी थोडी, दिवस सोडून करणं. त्याआधी २००६ मध्ये एक प्रयोग झाला होता, तो मला फार आवडला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर पुस्तक मिटून आठवायला बसलेले पुढे. मी आयुष्यभर परीक्षागृहाच्या दारापर्यंत वाचत का जायचो आणि आत गेल्यावर छताकडे का बघायचो, याचा उलगडा झाला.

म्हणून मी लेकीला म्हटलं, पुस्तक मीट आणि सांग. रुधिराभिसरण.

"सोप्पंय. तीनदा वाचलंय." तिनं पुस्तक मिटलं. "शरीरातून रक्त हृदयाच्या उजव्या अलिंदात येतं. तिथून उजव्या निलयात. तिथून फुप्फुसात." थांबली. "फुप्फुसात जातं..."

"मग?"

"फुप्फुसात ऑक्सिजन घेतं."

"घेतला. मग?"

तिनं डोळे मिटले. उघडले. हवेत बोटानं काहीतरी काढलं, पुसलं. "मग तिथेच राहतं," ती म्हणाली. शरीरातलं सगळं रक्त पुढची पाच मिनिटं फुप्फुसात अडकून पडलं. मला सांगायचा मोह अनावर होत होता, पण माझं रक्तही तिथपर्यंतच पोचलं होतं.

शेवटी तिनं पुस्तक उघडलं आणि किंचाळलीच. "डावं अलिंद! शी!" ती 'शी' मोलाची होती. तीन दिवसांनी जेवताना मी न सांगता विचारलं, तर घास गिळायच्या आत रक्त फुप्फुसातून डाव्या अलिंदात, निलयात आणि तिथून सगळीकडे गेलं.

पुढच्या शनिवारी मी घरी आलो तर भिंत मोकळी. वेळापत्रक जमिनीवर पालथं पडलेलं, चारी कोपऱ्यांवर पुस्तकं, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लेक पोटावर पडून न बघता हृदय काढत होती. मला तेवढा मोठा कागद हवा होता, असं तिचं म्हणणं. झडपा राहिल्या होत्या, महाधमनी जरा जास्तच रुबाबदार झाली होती, पण रक्त कुठे अडकत नव्हतं. पहाटे पाचला उठणारी मुलगी फरशीला नाक लावून खाली पडून होती. घड्याळात सहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. त्या अडनिड्या वेळेला कुणी अभ्यास करताना मी प्रथमच पाहत होतो.

"बाबा, आता तू," ती मान वर न करता म्हणाली.

"मी काय?"

"तो विसरण्यावरचा लेख वाचलास ना? तीनदा वाचलास, आईला दोनदा वाचून दाखवलास, पिवळापण केलास. कागद ठेव तिकडे. आता सांग. आपण कसं विसरतो ते स्वतःवर प्रयोग करून शोधलं, तो माणूस कोण?"

मला तो माणूस डोळ्यांसमोर दिसत होता. दाढी. चष्मा. बिचारा बिनअर्थाची अक्षरं पाठ करायचा, विसरायची वाट बघायचा आणि पुन्हा पाठ करायचा. जर्मन. नाव ओठांवर होतं. (हर्मान एबिंगहाउस. आत्ता कागद बघून लिहितोय.)

"साल तरी सांग."

"अठराशे..." (१८८५.)

"अठराशे काय?"

माझा हात खिशात गेला. तिनं शांतपणे महाधमनीशेजारी एक उभी रेघ मारली.

"बरं, अख्ख्या महिन्यात वाचलेलं काहीही सांग. एक गोष्ट."

मी डोळे मिटले, उघडले, हवेत बोटानं काहीतरी काढलं.

"टोमॅटो," मी म्हणालो.