६ नोव्हेंबर १८६९ ला खेळले ते भलतंच काही होतं

नेहमी फिरणारा दावा असा: ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स कॉलेजने प्रिन्स्टन कॉलेजला ६–४ असं हरवलं आणि अमेरिकन फुटबॉल जन्माला आला, पुढे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी फॉरवर्ड पास (चेंडू हाताने पुढे फेकायची मुभा) आणून तो वाचवला.

तारीख, गाव, निकाल बरोबर. खेळ चुकला. दोन्हीकडे २५-२५ खेळाडू, चेंडू गोल, आणि तो हातात घेऊन पळायला किंवा फेकायला बंदी. लाथ मारा नाहीतर टोलवा. ६–४ म्हणजे सहा गोल विरुद्ध चार; टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपार नेण्याला, सहा गुण मिळू लागले ते १९१२ पासून. सॉकरवाल्यांनी या सामन्यावर हक्क सांगितला तर नाही म्हणणं अवघड आहे.

चेंडू उचलून पळणं आलं रग्बीतून. मे १८७४ मध्ये मॉन्ट्रियलचं मॅकगिल विद्यापीठ हार्वर्डशी दोन सामने खेळलं, एक हार्वर्डच्या नियमांनी, दुसरा रग्बीच्या. दुसरा ०–० सुटला, पण हार्वर्डला रग्बीचीच गोडी लागली.

तरी ही अजून रग्बीच. तिच्या स्क्रममधून, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात त्यातून, चेंडू कुणाच्या वाट्याला येईल याचा नेम नसतो. १८८० मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्प यांच्या सूचनेवरून संघ ११ जणांचा झाला आणि चेंडू ठरलेल्या एकाच बाजूकडे आला. मधला खेळाडू तो पायाने मागे सरकवायचा. पण चेंडू सोडायची सक्ती कुठे होती? १८८१ च्या सामन्यात प्रिन्स्टनने एक अर्ध चेंडू दाबून ठेवला, येलने दुसरं. निकाल ०–०. म्हणून १८८२ चा नियम: तीन डाऊनमध्ये (डाऊन म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न) पाच यार्ड पुढे जा किंवा दहा यार्ड मागे या, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्या. (हो, मागे हटूनही चेंडू राखता यायचा.) पाच यार्ड मोजायचे तर मैदानावर रेघा आखणं आलं, ते वांगी भाजायच्या लोखंडी जाळीसारखं दिसू लागलं, म्हणून त्याला नाव पडलं ग्रिडायर्न, म्हणजे भाजायची जाळी. जन्मसाल हवंच असेल तर १८८२ धरा.

राहिले रुझवेल्ट. ९ ऑक्टोबर १९०५ ला त्यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून धसमुसळेपणा आवरायला सांगितलं. पास आणला १९०६ साली नियम समितीने, तोही हात आखडून: फेकणाऱ्याने चेंडू जिथून सुरू झाला तिथून डावीकडे किंवा उजवीकडे किमान पाच यार्ड सरकायचं, आणि कुणाचाही हात न लागता चेंडू जमिनीवर पडला की तो थेट प्रतिस्पर्ध्यांचा.