घाटातले वळण हा वाहनतळ नव्हे!

पुण्याहून मनसोक्त गाडी चालवण्याजोगा रस्ता म्हणून रविवारी सकाळी ताम्हिणी घाटाची वाट धरावी, तर चांदणी चौक ते पिरंगुट एवढ्या अंतरातच क्लच दाबून दाबून डावा पाय भरून येतो. पुढे मुळशीच्या जलाशयाकडेने रस्ता मोकळा होतो, इंजिनाचा सूर लागतो, आणि नेमक्या आंधळ्या वळणावर गाडीची चारही दारे उघडी टाकून, स्पीकर लावून कोणीतरी नाचत असते. चाकाखाली कणसांची बुरकुंडे आणि बाटल्यांच्या काचा. इतरांचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार यांना कोणी दिला? त्यात पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक! माळशेजला जावे, तर पावसाळ्यात दरडींची धास्ती. वरंध घाट तर त्या दिवसांत अनेकदा बंदच. मग आम्ही गाडी चालवायची तरी कुठे?